पापुद्र्यापलीकडचे पाणी

इतिहास म्हटला की आमच्या सीमाभागातल्या वाचकाच्या डोळ्यांपुढे गड, सनदा आणि वतनाचे कागद उभे राहतात. फार तर १९५६ ची प्रांतरचना. त्यात वावगे काही नाही. वर्गात उभा राहून मीही आयुष्यभर तेच शिकवीत आलो. पण ज्या जिल्ह्यातली निम्मी घरे उसावर चालतात, जिथे दिवाळी सरते न सरते तोच साखर कारखान्यांची धुराडी पेटतात आणि वाऱ्याबरोबर मळीचा आंबूस वास गावात शिरतो, त्या जिल्ह्याच्या इतिहासात उसाच्या पोटी जन्मणाऱ्या वस्तूंनाही चार पाने असावीत असे मला फार दिवस वाटत आले आहे. त्यांतले एक पान आज उलगडतो. विषय रसायनशास्त्राचा आहे आणि मी एम.ए. इतिहासाचा; तेव्हा सूत्रे आणि समीकरणे शास्त्राच्या शिक्षकांकडे सोपवतो. मला सांगायची आहे ती गोष्ट अशी की, मद्यार्कातून पाणी काढण्यासाठी माणसाने काय काय खटपटी केल्या, आणि त्या खटपटीचा एक धागा आमच्या शेजारच्या धारवाडपर्यंत कसा येऊन पोचला.

आधी अडचण काय ती समजून घेऊ. मळी आंबवली की तीतून पातळ मद्यार्क मिळतो. तो उकळून वाफ थंड केली, म्हणजे ऊर्ध्वपातन केले, की मद्यार्क पुढे जातो आणि पाणी मागे राहते, कारण मद्यार्क ७८ अंशांच्या आसपास उकळतो आणि पाणी १०० अंशांवर. हे आठवीतल्या मुलालाही ठाऊक असते. पण त्या मुलाला सहसा कोणी सांगत नाही ते पुढचे. वजनी ९५.६ टक्के मद्यार्क झाला की ही विद्या तिथेच थांबते. त्या मिश्रणातून निघणाऱ्या वाफेतही मद्यार्क ९५.६ टक्केच असतो. मग मनोरा कितीही उंच बांधा, कितीही बगॅस जाळा, उरलेले साडेचार टक्के पाणी हटत नाही. नवराबायकोच्या भांडणात तिसऱ्याला जसे कळत नाही की नेमके कोण कोणाला धरून आहे, तसाच हा प्रकार. अशा मिश्रणाला शास्त्रात स्थिरक्वथनांकी मिश्रण म्हणतात. मद्यार्क एकटाच असा हट्टी नव्हे. औषधांच्या कारखान्यांत सर्रास लागणारा आयसोप्रोपिल अल्कोहोल हा द्रावक तर वजनी ८८ टक्क्यांच्या आसपासच अडून बसतो.

साडेचार टक्के पाण्याने असे काय बिघडते? दिव्यात जाळायच्या स्पिरिटला काही नाही. पण मद्यार्क पेट्रोलमध्ये मिसळायचा तर पाणी फितुरी करते. ते मद्यार्काला घेऊन टाकीच्या तळाशी वेगळा थर धरते. औषधांच्या कारखान्यात तर काही प्रक्रिया अशा असतात की पाण्याचा अंश राहिला तर घाणभर माल फुकट जावा.

या पाण्यावर पहिला उपाय होता चुनकळीचा. भाजलेला चुना पाणी ओढून घेतो आणि मद्यार्क सुका राहतो. शिशी दोन शिशा करायला ठीक. पण कारखान्यात रोज चुन्याचा चिखल उपसायचा कोणी? १९०२ साली ब्रिस्टल येथील प्राध्यापक सिडनी यंग यांनी निराळी युक्ती दाखवली. मिश्रणात बेंझीन घालायचे. बेंझीन, मद्यार्क आणि पाणी या तिघांचे मिळून एक नवे मिश्रण बनते. ते ६५ अंशांच्या जरा आतच उकळून निघून जाते आणि जाताना पाण्याला बरोबर नेते. खाली उरतो कोरडा मद्यार्क. पुढे कित्येक दशके जगभरच्या आसवन्यांनी ही रीत चालवली.

या युक्तीची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागत होती. पहिली बॉयलरपाशी. त्या तिहेरी वाफेच्या शंभर भागांत बेंझीन सुमारे ७४ भाग, मद्यार्क साडेअठरा, आणि ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप ते पाणी अवघे साडेसात भाग. म्हणजे एक शेर पाणी बाहेर काढायला दहा शेर बेंझीनची वाफ करायची, ती थंड करायची आणि पुन्हा तीच आत सोडायची. वऱ्हाड एवढे आणि नवरा एक, अशातली गत.

दुसरी किंमत माणसाच्या रक्तातून वसूल होत होती. बेंझीनची वाफ वर्षानुवर्षे हुंगणाऱ्याच्या हाडांतला मगज, जिथे रक्त तयार होते, तोच नासतो. १९७० च्या दशकात इस्तंबूलचे रक्तविकारतज्ज्ञ मुझफ्फर अक्सॉय यांनी तिथल्या जोडे शिवणाऱ्या कामगारांतील रक्ताच्या कर्करोगाची नोंद केली. त्या कामगारांच्या चिकटवण्याच्या द्रवात बेंझीन होते. पुढे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने बेंझीनला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले. मद्यार्काच्या कारखान्यांनी मग बेंझीनऐवजी सायक्लोहेक्झेनकडे वळायला सुरुवात केली. पण तेलाने तेल काढावे तसा तो मामला, वाफेचा खर्च काही टळला नाही. माझे कित्येक माजी विद्यार्थी आज आसवन्यांत आणि औषधांच्या कारखान्यांत पाळीवर जातात. त्यामुळे या प्रकरणाकडे मला निव्वळ शास्त्राचा किस्सा म्हणून पाहता येत नाही.

आता मूळ धाग्याकडे येतो. तो या सगळ्याहून जुना आहे. १७४८ साली फ्रान्समधल्या आबे नोले या धर्मगुरू-शास्त्रज्ञाने मद्यार्काच्या भांड्याला जनावराच्या मूत्राशयाचे कातडे बांधून ते पाण्यात बुडवले. कातडे फुगून आले. बाहेरचे पाणी आत शिरत होते आणि मद्यार्क मात्र सहजी बाहेर येत नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी म्युनिकमध्ये सॉमरिंग नावाच्या शरीरशास्त्रज्ञाने त्याच्या उलट प्रयोग केला. मद्यार्क अशाच मूत्राशयात भरून, तोंड बांधून, उघड्या हवेत टांगला. काही दिवसांनी पाहिले तो आतला द्रव कमी झालेला आणि मद्यार्क पहिल्यापेक्षा कडक. व्यवहारज्ञानाने आपण म्हणू की मद्यार्क आधी उडून जावा. तो तर चटकन उडणारा पदार्थ. इथे उडाले होते ते पाणी. विस्तव नाही, मनोरा नाही, चुना नाही. नुसते एक कातडे आणि वारा.

त्यानंतर शंभरएक वर्षे ही गोष्ट विद्वानांच्या टिपणांत पडून राहिली. १९१७ साली अमेरिकेत फिलिप कोबर नावाचे रसायनशास्त्रज्ञ एक वेगळेच काम करीत होते. त्यांच्या प्रयोगशाळेत कोलोडियनच्या पातळ पिशवीत द्रव भरून ती टांगली होती. पिशवीचे तोंड घट्ट बांधलेले, तरी आतला द्रव उडून चालला आहे, हे आधी लक्षात आले ते कोबर यांच्या नव्हे, त्यांच्या मदतनिसाच्या. त्याचे नाव एबरलाइन. कोबर यांनी निबंध छापताना ही गोष्ट त्याच्या नावानिशी लिहून ठेवली. इतिहासाच्या मास्तराला अशा ठिकाणी क्षणभर थांबावेसे वाटते. बखरी लिहिणाऱ्यांनी हुजऱ्यांची आणि कारकुनांची नावे एवढ्या प्रामाणिकपणे नोंदवली असती, तर आमची निम्मी भांडणे मिटली असती. असो.

कोबर यांनी या क्रियेला 'परव्हॅपोरेशन' असे नाव दिले. पार जाणे आणि वाफ होणे या दोन शब्दांची ती सांधेजोड आहे. मराठीत मी तिला 'पारबाष्पन' म्हणतो. कोणाला अधिक सुटसुटीत शब्द सुचला तर अवश्य वापरावा. ज्यातून पाणी पार जाते त्या पातळ थराला पाठ्यपुस्तकात 'पटल' म्हणतात. तो शब्द बरोबर आहे, पण कोरडा. आमच्या शाळेत कन्नड शिकवणाऱ्या सरांना मी विचारले, तर ते म्हणाले, "आमच्याकडं 'पोरे' म्हणतात की हो सर. सापाची कात असते बघा, तीसुद्धा पोरेच." मला तो शब्द आवडला. आपल्याकडे त्याच्या जवळचा घरगुती शब्द पापुद्रा. भाकरी फुगली की वर सुटतो तो. पुढे मी पटल आणि पापुद्रा हे दोन्ही शब्द वापरणार आहे.

हा पापुद्रा म्हणजे चाळण नव्हे, हे ध्यानात ठेवावे. पिठाच्या चाळणीला भोके असतात आणि बारीक ते खाली पडते. इथल्या पटलाला तशी भोके नसतात. पाण्याचे कण आधी पटलात विरघळतात, त्याच्या अंगातून वाट काढीत पलीकडच्या पृष्ठभागावर येतात आणि तिथे निर्वात पंप चालू असल्याने वाफ होऊन निघून जातात. पटल ज्या पदार्थाचे, त्याला पाण्याची ओढ असली पाहिजे आणि मद्यार्काविषयी अनास्था. गंमत अशी की उकळण्याच्या मनोऱ्यात ज्या ९५.६ टक्क्यांपाशी सारे अडते, त्याची या पापुद्र्याला फिकीरच नसते, कारण इथे निवड वाफ करीत नाही, पटल करते. शिवाय वाफ करायची ती फक्त जे पलीकडे गेले त्याची. दहा शेर बेंझीनची वरात आपोआप बंद.

एवढे सोपे होते, तर १९१७ नंतर साठ वर्षे कारखान्यांनी काय केले? सेलोफेनचे पापुद्रे वापरून १९४९ साली फ्रान्समध्ये तुलूझ येथे श्वोब यांनी आणि १९५६ साली अमेरिकेत हाइस्लर व त्यांच्या सहकाऱ्यांनी मद्यार्क सुकवून दाखवला होता. टेक्सासमधल्या एका तेल कंपनीत बिनिंग आणि मंडळींनी १९६० च्या आसपास पुष्कळ काम केले, पेटंटेही घेतली. पण वेग नव्हता. पापुद्रा जेवढा जाड, तेवढे पाणी हळू. आणि पातळ करावा तर फाटतो. त्यातच तेल स्वस्त होते. जिथे वाफ स्वस्त, तिथे वाफ वाचवण्याच्या विद्येला कोण विचारतो?

पातळपणाचा प्रश्न सुटला तो वेगळ्याच दारातून, आणि त्यात एका भारतीयाचा हात होता. १९६० च्या सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठात सिडनी लोब आणि श्रीनिवास सौरीराजन हे समुद्राचे पाणी गोडे करण्याच्या मागे होते. त्यांनी सेल्युलोज अॅसिटेटचे असे पटल घडवले की वरचा अतिपातळ थर तेवढा निवडीचे काम करील आणि खालचा सच्छिद्र जाड भाग त्याला नुसता आधार देईल. पाटीवर साय धरावी तसे. हे सूत्र हाती आल्यावर पटलाचा धंदा शक्य झाला. आज घरोघरी स्वयंपाकघरात जे आरओचे यंत्र घुरघुरते, त्याचे मूळ तिथे आहे.

मग १९७३ साली तेलाचे भाव भडकले. ब्राझीलने १९७५ पासून उसाच्या मद्यार्कावर मोटारी चालवायचा सरकारी कार्यक्रम हाती घेतला, आणि कोरड्या मद्यार्काला एकाएकी भाव आला. जर्मनीतल्या न्यूनकिर्खेन गावच्या जीएफटी या लहानशा कंपनीत टुझेल आणि ब्र्यूश्के यांनी तीन थरांचे पटल तयार केले. तळाला पॉलिएस्टरचे न विणलेले कापड, त्यावर पॉलिअॅक्रिलोनायट्राइलचा सच्छिद्र थर, आणि सर्वांत वर पॉलिव्हिनिल अल्कोहोलचा एखाददुसऱ्या मायक्रॉनचा पापुद्रा. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. १९८० च्या दशकाच्या आरंभी ब्राझीलमध्ये त्यांचा पहिला लहान संच चालला; १९८८ साली फ्रान्समध्ये बेतेनीव्हिल येथे दिवसाला दीड लाख लिटर मद्यार्क सुकवणारा मोठा संच उभा राहिला. तिथला मद्यार्क उसाचा नव्हे, बीटाचा. पण बेळगावच्या माणसाला तो देखावा परका वाटला नसता.

यातले पॉलिव्हिनिल अल्कोहोल, ज्याला पीव्हीए म्हणतात, ते आमच्या भागाला नवखे नाही. मागाच्या सुताला देण्याच्या खळीत ते वापरतात. १९२४ साली जर्मनीत हेरमान आणि हेनेल यांनी ते प्रथम तयार केले. पाण्याची त्याला इतकी ओढ की ते पाण्यात विरघळूनच जाते. खळ धुऊन निघते ती म्हणूनच. पण पटल पाण्यात विरघळले तर कारखाना बुडाला! म्हणून त्याच्या लांबच लांब रेणूंना एकमेकांशी आडवे बांधावे लागते. रसायनात त्याला आडबंध म्हणावे. मी वर्गात सांगायचे झाले तर वाकळेचे टाके म्हणेन. जुन्या लुगड्यांचे थर नुसते एकावर एक ठेवले तर सरकतात. टाके घातले की वाकळ होते. मॅलेइक आम्ल किंवा ग्लुटरअल्डिहाइड हे पदार्थ इथे सुईदोऱ्याचे काम करतात.

या साऱ्या विद्येचे मर्म टाके किती घालायचे यात आहे. टाके विरळ झाले तर पटल पाणी पिऊन फुगते, त्याच्या रेणूंमधली जागा रुंदावते आणि पाण्याच्या मागोमाग मद्यार्कही घुसतो. पाणी भरपूर जाते, पण निवड राहत नाही. टाके दाट झाले तर निवड उत्तम. पण वाकळ ताठ होते, पाणी थेंबथेंब जाते, आणि मग तेवढ्याच कामाला चौपट पटल लागते. ओढ कमी करून चालत नाही आणि वाढवूनही चालत नाही. गेल्या चाळीस वर्षांत या विषयावर जगभर जे संशोधन झाले, त्यातला मोठा भाग या एका कात्रीतून सुटण्याचा आहे.

धारवाड या गोष्टीत येते ते इथे. बेळगावहून एसटीने दोन तासांच्या आत जिथे पोचता येते, जिथले कर्नाटक कॉलेज नेमके १९१७ सालचे, म्हणजे कोबर यांच्या निबंधाच्या वर्षीचे, आणि जिथे द. रा. बेंद्रे यांच्यासारखा मराठी घरात वाढलेला माणूस कन्नडचा महाकवी झाला, त्या धारवाडात कर्नाटक विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात तेजराज अमिनभावी यांनी पटलांच्या संशोधनाची एक परंपराच उभी केली. पुढे तिथे बहुवारिकांच्या शास्त्राचे खास केंद्र झाले. त्याच विद्यापीठात महादेवप्पा करिदुरगनवर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनीही पारबाष्पनावर सातत्याने काम केले. या विषयातले जगभरचे निबंध चाळणाऱ्याला धारवाडचे नाव टाळता येत नाही.

त्यांनी हाती घेतलेले पदार्थ पाहिले की मन प्रसन्न होते. समुद्रातल्या तपकिरी शेवाळापासून निघणारे सोडियम अल्जिनेट. आणि आपल्या गवारीच्या बियांचा डिंक. अल्जिनेटला पाण्याची ओढ पीव्हीएपेक्षाही जबर, पण एकटे ते पाण्यात टिकत नाही. म्हणून गवारीच्या डिंकावर पॉलिअॅक्रिलामाइडचे कलम करायचे आणि ते अल्जिनेटमध्ये मिसळायचे, असे मार्ग २००० सालाच्या आगेमागे तिथे चोखाळले गेले. आंब्यावर कलम करावे तसेच हे कलम. शब्दही इंग्रजीत तोच आहे. कोळंबीच्या टरफलापासून मिळणारे कायटोसान जपान आणि कॅनडात आधीपासून वापरात होते. तेही इथे आले.

दुसरा मार्ग झिओलाइटचा. हे खनिजाच्या जातीचे पदार्थ. त्यांच्या स्फटिकात ठरावीक मापाची दालने असतात. काही जाती पाण्याला आत घेतात आणि मद्यार्काला दारातच अडवतात. त्यांची बारीक पूड पीव्हीए किंवा अल्जिनेटच्या द्रावणात घालून पटल ओतले तर पाण्याला जवळच्या वाटा मिळतात आणि फुगण्यालाही आळा बसतो. टाके न वाढवता ताठपणा येतो. फक्त कण आणि बहुवारिक यांच्यामध्ये फट राहता कामा नये. ती राहिली की मद्यार्क तिथून गुपचूप निसटतो.

झिओलाइटचे नाव निघाले म्हणून एक कडू गोष्ट सांगून टाकतो. मद्यार्काच्या बाजारात पापुद्रा हरला. झिओलाइटच्या गोळ्यांनी भरलेल्या उंच टाक्यांतून वाफ सोडायची, पाणी गोळ्यांनी धरून ठेवायचे, मग गोळ्या सुकवून पुन्हा वापरायच्या, ही 'मॉलिक्युलर सिव्ह' ची रीत मोठ्या आसवन्यांना सोपी आणि धडधाकट वाटली. भारतात २००३ पासून पेट्रोलमध्ये पाच टक्के इथेनॉल मिसळायला काही राज्यांत सुरुवात झाली आणि २०२५ साली ते प्रमाण वीस टक्क्यांवर गेले. पण त्यासाठी लागणारा बहुतेक मद्यार्क आपल्याकडे या गोळ्यांनीच सुकवला जातो. बेंझीन गेले, हे मात्र दोघांचेही यश.

पापुद्र्याला जागा मिळाली ती औषधांच्या आणि रसायनांच्या कारखान्यांत. तिथे रोज लाखो लिटर एकच द्रव सुकवायचा नसतो. आज आयसोप्रोपिल अल्कोहोल, परवा टेट्राहायड्रोफ्युरान, पुढच्या आठवड्यात आणखी तिसरे काही. वापरून ओला झालेला द्रावक फेकून द्यावा किंवा जाळावा तर पैसा जातो आणि हवा नासते. सुकवून घ्यावा तर तोच पुन्हा वापरता येतो. त्यात बाहेरचे काही मिसळावे लागत नाही, ही औषधवाल्यांच्या दृष्टीने मोठी सोय. हैदराबादकडे, जिथे आपले कितीतरी मराठी कुटुंबीय पिढ्यान् पिढ्या राहतात, तिथल्या भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्थेतही या पटलांवर बरेच काम झाले आहे, आणि त्याला शेजारच्या औषध उद्योगाचा संदर्भ आहेच.

मला खंत वाटते ती निराळीच. धारवाडचे हे सारे काम इंग्रजीत छापले गेले आणि ॲमस्टरडॅमपासून टोकियोपर्यंत वाचले गेले. ते आमच्या मराठी शाळांत आले नाही, आणि माझे कन्नड सहकारी सांगतात की त्यांच्याही शाळांत आले नाही. आमच्या मुलांना धारवाड ठाऊक आहे ते पेढ्यांसाठी आणि कोर्टाच्या तारखांसाठी. गेल्या वर्षी दहावीच्या एका मुलाला मी गवारीच्या डिंकाची गोष्ट सांगितली. त्याचे वडील गवार पिकवतात. त्याने विचारले, "सर, मग ते पटल किती दिवस टिकतं?"

प्रश्न अगदी वर्मावरचा होता. प्रयोगशाळेत पटलाचा तुकडा तळहाताएवढा असतो. कारखान्यात शेकडो चौरस मीटर लागते, आणि ते गरम द्रावकात महिनोन् महिने न फुगता, न तडकता राहावे लागते. पीव्हीएचे पटल या कसोटीला उतरले म्हणून बाजारात राहिले. शेवाळाचे आणि गवारीचे पापुद्रे प्रयोगशाळेत त्याच्याहून सरस पाणी काढतात, पण ओल्या आणि आम्लयुक्त द्रावकात त्यांचा दम लवकर उखडतो. धारवाडच्या आणि इतर ठिकाणच्या संशोधकांपुढे सध्या जे काम आहे ते हेच. मी त्या मुलाला एवढे सांगितले आणि कर्नाटक विद्यापीठाचा पत्ता त्याच्या वहीत लिहून दिला.